एका ट्रान्सफॉर्मरमधून चारशे आणि दोनशे: व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी दोन व्होल्टेज कशी काढायची

फैजपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सगळा केळीचा पट्टा, त्यामुळे उन्हाळाभर जळालेल्या सबमर्सिबल मोटरींची रांग दुकानाबाहेर लागलेली असते. त्या रांगेत मधूनच कुणीतरी जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर घेऊन येतो. कुणाच्या भजनी मंडळाचा, कुणाच्या मंडपवाल्या काकांचा. ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो आणि मागणी बहुतेक एकाच प्रकारची: प्लेटला चारशे व्होल्ट पाहिजेत, स्क्रीनला दोनशे, आणि ताई, ट्रान्सफॉर्मर एकच बसेल एवढीच जागा आहे. (प्लेट आणि स्क्रीन हे व्हॉल्व्हच्या आतले दोन भाग: प्लेटमधून मुख्य करंट जातो, स्क्रीन ही तिच्या आधीची जाळी.)

एकात जमतं. त्यासाठी वेगळी वाइंडिंगही लागत नाही. कसं ते सांगते. मात्र त्याआधी एक गोष्ट. इथे ज्या व्होल्टेजबद्दल बोलतोय ते डीसी आहे, चारशेच्या वर आहे, आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये बसून राहतं. ज्याने आजवर फक्त बारा व्होल्टची कामं केली आहेत त्याने पहिला ॲम्प्लिफायर जाणत्या माणसाशेजारी बसूनच करावा.

अर्धंच व्होल्टेज का लागतं

बीम टेट्रोड आणि पेंटोड या स्क्रीनवाल्या व्हॉल्व्हमध्ये प्लेट बरंच व्होल्टेज सोसते, स्क्रीन तेवढं सोसत नाही. ८०७ या व्हॉल्व्हचं पाहा: प्लेटला ६०० व्होल्ट चालतात, स्क्रीनची मर्यादा ३००. ईएल३४ या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या जोडीतून १०० वॉट काढायची जी प्रसिद्ध पद्धत आहे तिच्यात प्लेटवर ८०० आणि स्क्रीनवर ४०० व्होल्ट असतात. दोन्हीकडे नेमकं निम्मं. हे निम्मं आपल्या कामाचं आहे, कारण ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला मधून तार काढली की निम्मं व्होल्टेज आयतं मिळतं.

६०० आणि ८०० च्या भानगडीत मी गिऱ्हाइकाला पडू देत नाही. ८०७ ची जोडी प्लेटला ४०० आणि स्क्रीनला २०० वर साधारण वीस वॉट देते. देवळासमोरच्या अंगणाला, कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) रात्रीच्या गाण्यांना ते पुरतं, आणि व्हॉल्व्ह आरामात राहतात. पुढचे सगळे आकडे याच जोडीचे आहेत.

रेझिस्टन्स लावून का नाही

बरेच मेकॅनिक ४०० च्या लाइनवरून मोठा रेझिस्टन्स लावून २०० करतात. प्री-ॲम्पसाठी (आवाज आधी वाढवणाऱ्या छोट्या भागासाठी) ते ठीक आहे. तिथला ईसीसी८३ व्हॉल्व्ह जेवढा करंट खातो तेवढाच खात राहतो, त्यामुळे ड्रॉप बदलत नाही. स्क्रीनचं तसं नाही. आवाज शांत असताना स्क्रीन आणि प्री-ॲम्प मिळून समजा १० मिलिअँप घेतात. २०० व्होल्ट पाडायला २० किलोओहम लागले. आता गायकाने वरचा सूर लावला आणि करंट २० मिलिअँपवर गेला. त्याच २० किलोओहमवर आता ४०० व्होल्ट पडायला हवेत, म्हणजे स्क्रीनला हिशेबाने शून्य! प्रत्यक्षात शून्य होत नाही, स्क्रीनचं व्होल्टेज घसरलं की करंटही घसरतो. पण नेमका जोर लागतो त्या क्षणी ॲम्प्लिफायर बसतो आणि आवाज चिरकतो. वर त्या रेझिस्टन्सची उष्णता डब्यातच राहते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात, त्यात आणखी भर कशाला?

जोडणी

सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारी) वाइंडिंग १५०-०-१५० व्होल्टची. दोन टोकांना अ आणि ब म्हणू, मधल्या तारेला म. डायोड चार, १एन४००७. चार सुटे लावा, चारही एकत्र असलेला तयार ब्रिज लावला तरी चालेल.

अ पासून एक डायोड, ब पासून एक डायोड, दोघांच्या पट्टीच्या बाजू (डायोडवर पट्टी काढलेली असते त्या) एकत्र जोडल्या की ती वरची लाइन. उरलेल्या दोन डायोडच्या बिनपट्टीच्या बाजू एकत्र करून चासीला (ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला), त्यांच्या पट्टीच्या बाजू एक अ ला आणि एक ब ला. इथपर्यंत हा रोजचा ब्रिज झाला. आता म ची तार घ्यायची आणि ती सरळ खालची लाइन म्हणून वापरायची. बस, एवढंच.

चालतं कसं ते बघा. अ वर असतो तेव्हा ब खालच्या डायोडमधून चासीला टेकलेला असतो. म हा ब पासून अर्ध्या वाइंडिंगवर, म्हणून तो चासीपेक्षा १५० व्होल्ट एसी एवढा वर. पुढच्या अर्ध्या सायकलला अ खाली टेकतो, ब वर जातो, पण म परत तेवढाच वर. म्हणजे दोन्ही लाइनींना पूर्ण सायकलचा माल मिळतो, आणि दोन्हीवरची रिपल (डीसीवर उरलेली लहर) १०० हर्ट्झची. हिशेब: ३०० गुणिले १.४१४ म्हणजे वर ४२४ व्होल्ट, १५० गुणिले १.४१४ म्हणजे खाली २१२. लोड आल्यावर वरची, म्हणजे प्लेटची, लाइन ४०० च्या आसपास बसते; खालची, म्हणजे स्क्रीनची, २०० च्या.

चोपड्याकडचा एक रेडिओवाला हे ऐकून म्हणाला होता, "ताई, मधली तार जमीनले नही लावनी, ते मंग काढनी कसाले?" प्रश्न बरोबर आहे, कारण जुन्या रेडिओत मधली तार जमिनीलाच (म्हणजे चासीलाच) असते. तिथे डायोड किंवा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हच्या दोनच बाजू असतात, म्हणून ते चालतं. इथे ब्रिज आहे. ब्रिजची खालची बाजू चासीला आणि म सुद्धा चासीला केला, तर अर्धी वाइंडिंग खालच्या डायोडमधून सरळ शॉर्ट होते. नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो. नाही तर ट्रान्सफॉर्मर परत माझ्याकडे येतो.

वाइंडिंग: किती करंट, किती गेज

इथे लोक फसतात. १५०-०-१५० ची २०० मिलिअँपची वाइंडिंग आहे, म्हणजे वरच्या लाइनवरून २०० मिलिअँप काढता येतील असं त्यांना वाटतं. ब्रिजच्या पुढे कंडेन्सर असला की वाइंडिंगमधून करंट छोट्या जोरदार झटक्यांत वाहतो आणि तार जास्त तापते. हाताशी धरायचा आकडा ०.६२. वाइंडिंगचा करंट गुणिले ०.६२ एवढाच डीसी करंट काढायचा.

आपल्या जोडीला पूर्ण आवाजात वरच्या लाइनवर सुमारे ८५ मिलिअँप लागतात. ८५ भागिले ०.६२ म्हणजे १३७. खालच्या लाइनचे २० मिलिअँप त्यात मिळवा. तो भाग दोन डायोडच्या पद्धतीने चालतो म्हणून तिथे जवळपास जेवढ्यास तेवढं धरलं तरी चालतं. बेरीज १६० च्या खाली. २०० मिलिअँपची वाइंडिंग घेतली की मन शांत राहतं. ३०० व्होल्ट गुणिले ०.२ म्हणजे ६० व्हीए. हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टवर ८०७ चे ०.९ अँप दोनदा आणि ईसीसी८३ चे ०.३ अँप दोनदा, म्हणजे २.४, तीन अँप धरा, १९ व्हीए. एकूण ८० च्या आत. मी १०० व्हीएचा गाभा वापरते.

मधला पाय ३८ मिलिमीटर, स्टॅम्पिंगचा (गाभ्याच्या लोखंडी पत्र्यांचा) थर ३२ मिलिमीटर. एका व्होल्टला ४ वेढे. प्रायमरी (मेन्सकडची वाइंडिंग) ९२० वेढे २६ गेजमध्ये, आणि त्याला २१० आणि २५० व्होल्टचे टॅप (वाइंडिंगमधून काढलेल्या तारा) म्हणजे ८४० वर आणि १००० वर. हे टॅप ऐच्छिक समजू नका. गावात संध्याकाळी पंप चालू असताना २०० व्होल्ट दिसतात आणि पहाटे २५०. सेकंडरी ६२५ अधिक ६२५ वेढे, ३० गेज. त्यात लोडखाली पडणारं व्होल्टेज भरून काढायला थोडे वेढे जास्तीचे धरलेत. हीटर २६ वेढे, १८ गेज.

दोन्ही अर्ध्यांचे वेढे मोजूनच घाला. मोजणीचं मशीन असेल तर प्रश्न नाही, हाताने फिरवत असाल तर कुणाला बोलू देऊ नका. अर्धे सारखे नसले की एका अर्ध्या सायकलला म जरा जास्त वर जातो, दुसऱ्या अर्ध्या सायकलला जरा कमी, आणि खालच्या लाइनवर ५० हर्ट्झचा घुमारा येतो. तो फिल्टरने लवकर जात नाही. ओहममीटरवर बाहेरचा अर्धा थोडा जास्त दिसेल, त्याची काळजी नको. बाहेरच्या वेढ्याचा घेर मोठा असतो म्हणून तार जास्त लागते.

खरी काळजी इन्सुलेशनची. मधली तार जमिनीला असते तेव्हा टोकं चासीपेक्षा २१२ व्होल्ट वर-खाली जातात. आपल्या पद्धतीत तीच टोकं ४२४ पर्यंत चढतात. वाइंडिंग तीच, पण गाभ्याशी तिचा ताण दुप्पट. म्हणून प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये मी मायलारचे (प्लास्टिकच्या पातळ कागदाचे) तीन पदर देते, सेकंडरी आणि हीटरच्या मध्येही तेवढेच, आणि प्रत्येक थरानंतर एक. काठाला तार घसरून खालच्या थरात जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर मोकळे. मग वॉर्निश, आणि ओव्हनमध्ये पूर्ण वाळेपर्यंत भाजणं. मोटरवाले वॉर्निश उन्हात वाळवतात. ट्रान्सफॉर्मरला ते करू देऊ नका. आतला थर ओलाच राहतो.

याच कारणासाठी जुन्या रेडिओतून काढलेल्या २८०-०-२८० च्या ट्रान्सफॉर्मरवर ही जोडणी करायची नाही. हिशेबाने तिथे वर ७९० व्होल्ट येतात. साठ वर्षांपूर्वीचा कागद ते सोसेल असं मला तरी वाटत नाही.

कंडेन्सर

खालच्या लाइनपासून चासीपर्यंत एक २२० मायक्रोफॅरडचा, वरच्या लाइनपासून खालच्या लाइनपर्यंत दुसरा तसाच. दोघे एकावर एक, आणि जोड म ला बांधलेला, त्यामुळे व्होल्टेज समान वाटण्यासाठी वेगळं काही लागत नाही. रेटिंग प्रत्येकी ३५० किंवा ४०० व्होल्ट, १०५ अंशांचे. २५० चे घेऊ नका: पहाटे लाइन चढली आणि व्हॉल्व्ह अजून गरम झाले नाहीत, की एकेका कंडेन्सरवर २४० व्होल्ट दिसतात. जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधले २०० व्होल्टवाले तर अजिबात नको, कितीही सुंदर दिसले तरी.

वरच्या कंडेन्सरचा डबा हातात धरण्याआधी विचार करा. त्याचं मायनस टोक २०० व्होल्टवर बसलेलं आहे आणि ॲल्युमिनियमचा डबा त्याच टोकाच्या संगतीत असतो. धातूच्या पट्टीने त्याला चासीवर आवळला तर प्लास्टिकच्या पातळ वेष्टनावर सगळा भरवसा राहतो. खाली फायबरचा तुकडा टाका, वरून नायलॉनची पट्टी लावा.

प्रत्येक कंडेन्सरला समांतर १०० किलोओहम, २ वॉट. बंद केल्यावर साधारण दोन मिनिटांत कंडेन्सर रिकामे होतात. तरी मीटरने मोजल्याशिवाय हात घालायचा नाही, कारण हे रेझिस्टन्सही कधीतरी उघडे पडतात.

फ्यूज प्रायमरीलाच लावा, ६३० मिलिअँपचा स्लो-ब्लो. काही जण प्लेटच्या लाइनला वेगळा फ्यूज देतात. या जोडणीत ते घातक आहे: तो एकटा उडाला तर प्लेटचं व्होल्टेज जातं, स्क्रीनचं राहतं, आणि सगळा करंट स्क्रीन ओढून घेते. काही सेकंदांत ती लाल होते.

खालच्या लाइनवरून प्रत्येक स्क्रीनला ४७० ओहम, १ वॉट, पिनेच्या अगदी जवळ. ८०७ ला ऐकू न येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर शिट्टी घालायची खोड आहे, म्हणून ग्रिडलाही (व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या जाळीलाही) १ किलोओहम पिनेजवळच. प्री-ॲम्पसाठी खालच्याच लाइनवरून १० किलोओहम आणि पुढे ४७ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट. तीन मिलिअँपला ३० व्होल्ट पडतात, १७० च्या आसपास उरतात. ईसीसी८३ तेवढ्यावर खुशाल चालतो.

ग्रिडचं निगेटिव्ह त्याच वाइंडिंगवरून

दोन व्होल्टेज झाली तरी ८०७ च्या ग्रिडला निगेटिव्ह लागतंच, आणि त्यासाठीही वेगळी वाइंडिंग नको. अ टोकावरून ०.०४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर घ्या, १००० व्होल्टचा. त्याच्या दुसऱ्या बाजूला दोन डायोड. एकाची पट्टी चासीला, बिनपट्टीची बाजू कंडेन्सरला. दुसरा उलटा: पट्टी कंडेन्सरला, बिनपट्टीची बाजू १०० मायक्रोफॅरड १०० व्होल्टच्या कंडेन्सरच्या मायनसला. त्याचा प्लस चासीला. ही उलटी पोलॅरिटी लावताना हात आपोआप चुकीकडे जातो, म्हणून सोल्डर करण्याआधी दोनदा बघा.

या मार्गाने एक मिलिअँपच्या जरा आतच करंट मिळतो, आणि ग्रिडला तेवढा भरपूर आहे. मायनसपासून २२ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स), त्याच्या पुढे १० किलोओहम, मग चासी. एकूण ३२ किलोओहमवर अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट येतात, आणि प्रीसेटच्या मधल्या पायावर साधारण उणे ९ पासून उणे २८ पर्यंत. मधल्या पायापासून मायनसकडे १०० किलोओहमचा एक रेझिस्टन्स जरूर लावा. प्रीसेटचा पाय कधी सुटला तर ग्रिड मोकळी न राहता जास्तीत जास्त निगेटिव्हला जाते आणि व्हॉल्व्ह गप्प बसतात. दोन रुपयांचा रेझिस्टन्स आहे, ८०७ आता त्या भावात मिळत नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना

सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा. सिरीज बोर्डवर ६० वॉटचा दिवा लावून त्यातून सप्लाय द्या. दिवा क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. तसाच पेटलेला राहिला तर बंद करून डायोड तपासा. बहुतेक वेळा एक उलटा असतो, नाही तर म कुठेतरी चासीला टेकलेला असतो. दिवा मंद असेल तर मीटर लावा. खालचं व्होल्टेज वरच्याच्या बरोबर निम्मं हवं. निम्म्यापेक्षा फारच वेगळं दिसलं तर अ, ब, म यांतल्या तारा अदलाबदल झाल्या आहेत.

मग सिरीज दिवा काढून खरा लोड. त्यासाठी मी झिरोचे दोन बल्ब सिरीजमध्ये वरच्या लाइनवर लावते. नावाला झिरो, पण १५ वॉटचा असतो तो. प्रत्येकावर दोनशेच्या जवळ व्होल्ट येतात आणि साठेक मिलिअँप वाहतात, म्हणजे शांत बसलेल्या ॲम्प्लिफायरएवढाच लोड. होल्डर आणि तारा नीट झाका, तिथे चारशे आहेत. अर्धा तास चालवा आणि बंद करून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. हात ठेवता आला पाहिजे.

आता निगेटिव्ह मोजा. प्रीसेट सगळ्यात जास्त निगेटिव्हला ठेवा आणि मगच ८०७ बसवा. स्पीकर जोडलेला असू द्या. प्रत्येक कॅथोडला (व्हॉल्व्हच्या चासीकडच्या टोकाला) १० ओहमचा रेझिस्टन्स असला की हिशेब सोपा: ०.३ व्होल्ट म्हणजे ३० मिलिअँप. प्रीसेट हळूहळू फिरवत दोघांना २५ ते ३० च्या मध्ये आणा, दहा मिनिटांनी परत बघा. ४०० व्होल्टवर ३० मिलिअँप म्हणजे १२ वॉट. ८०७ ची प्लेट पंचविसापर्यंत सोसते. या व्हॉल्व्हची प्लेट डोक्यावरच्या टोपीला असते. तिच्यावर उघडी क्लिप ठेवू नका, सिरॅमिकची टोपी मिळते ती घाला, आणि मोजताना एक हात पाठीमागे.

मधली तारच नसेल तर

कुणाकडे १५० व्होल्टची एकच वाइंडिंग असलेला चांगला ट्रान्सफॉर्मर पडून असतो. तिथे डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी) करायचा. वाइंडिंगचं एक टोक दोन कंडेन्सरच्या मधल्या जोडाला, दुसरं टोक दोन डायोडच्या जोडाला. एक डायोड वरच्या लाइनकडे, दुसरा चासीकडून. वर तेच ४२४, मधल्या जोडावर तेच २१२. फरक दोन. मधल्या जोडावरची रिपल ५० हर्ट्झची येते, म्हणून स्क्रीनच्या लाइनला कंडेन्सर मोठा लागतो. आणि करंटचा आकडा ०.६२ ऐवजी ०.२८ धरायचा. म्हणजे वरच्या ८५ मिलिअँपसाठी वाइंडिंग ३०० ची हवी, आणि स्क्रीनचे धरले तर त्याहून जाड. ग्रिडच्या निगेटिव्हसाठी तो ०.०४७ चा कंडेन्सर इथे डायोडकडच्या टोकावरून घ्यायचा. मधल्या जोडाकडच्या टोकावर डीसीच आहे, तिथून काही मिळणार नाही.

रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच हवा असा हट्ट धरणारे येतात. वरच्या दोन डायोडच्या जागी जीझेड३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह बसतो, खालचे दोन सिलिकॉनचेच ठेवायचे. त्यासाठी ५ व्होल्टची वेगळी वाइंडिंग लागते, आणि तीही चासीपासून ४२४ व्होल्ट वर तरंगते, म्हणून मायलारचे तेच तीन पदर तिलाही. जीझेड३४ सावकाश गरम होतो, खालची लाइन मात्र स्विच दाबताच उभी राहते; स्क्रीन प्लेटची वाट पाहत बसते. मी नको म्हणते. तरी पाहिजेच असेल तर वाइंडिंग करून देते, पण केळीचा मोसम संपल्यावर या.